समुद्राच्या पोटांत शिरण्यापूर्वीं

समुद्र ओलांडून विलायतेस गेलेल्या गृहस्थास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे, ही गोष्ट आमच्या पणजोबांच्या काळची. कलिवर्ज्यांच्या यादींत समुद्रयान होतें आणि त्यावरून एकेका घरांत दोन दोन तट पडत, असें आम्हीं लहानपणीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेलें आहे. आज त्याच घराण्यांतील नातवंडें समुद्र ओलांडण्याची गोष्ट सोडून त्याच्या तळाशीं जाण्याची भाषा बोलतात, आणि तीहि फराळाची बशी मांडीवर घेऊन! गेल्या दिवाळींत सांगलीचे आमचे धाकटे बंधु सहकुटुंब साताऱ्यास आले होते. भाऊबीजेच्या दुपारीं मुलांचा बेत बाहेर पडला. नाताळच्या सुटींत सर्वांनीं मालवणास जावयाचें आणि तेथें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत बुडी मारावयाची. यास इंग्रजींत स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आमची चौदा वर्षांची नात आणि बंधूंचा अकरा वर्षांचा नातू यांनीं तर पोहण्याचे चष्मेसुद्धां मागवून ठेविले होते.

पुरुषमंडळींस कल्पना पसंत पडली. नापसंत पडली ती एकट्या आमच्या थोरल्या वहिनींस, आणि त्यास कारणहि तसेंच होतें. चार वर्षांपूर्वीं आमची धाकटी सून माहेरच्या मंडळींबरोबर एका किनाऱ्यावर गेली होती. तें ठिकाण कोणतें आणि तेथील धंदेवाईक कोण, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. पैसे घेतले, एका कागदावर सही घेतली, आणि दहा मिनिटांच्या आंत तिला पाण्याखालीं नेलें. तिला दोन दिवसांपासून सर्दी होती. ती कोणी विचारली नाहीं, आणि विचारण्यासारखी कांहीं गोष्ट आहे हें तिलाहि ठाऊक नव्हतें. दोन-तीन मीटर खालीं जातांच कानांत सुरी खुपसावी तशी कळ आली. तिनें हात हलविला. बरोबरच्या मुलास वाटलें, बाई आनंदानें हात हलवीत आहेत. पाण्याखालीं अंगठा वर करणें म्हणजे 'छान चाललें आहे' असें नसून 'मला वर न्या' असें असतें, एवढी एक खूण जरी तिला किनाऱ्यावर शिकविली असती तरी पुढचें टळलें असतें. पडदा फाटला. तो कालांतरानें भरून आला; पण डाव्या कानांत रात्रीं गुणगुण होते, ती अद्याप गेलेली नाहीं.

वहिनींनीं सर्वांचें बोलणें ऐकून घेतलें आणि मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं पस्तीस वर्षें पोरांच्या परीक्षा घेतल्यात. आतां त्या शाळेची परीक्षा घ्या. पास झाली तर मुलें जातील, नाहीं तर गणपतीपुळ्यास जाऊन या आणि मोदक खा." अशा रीतीनें ही कामगिरी आमच्या गळ्यांत पडली.

आम्ही पेशानें संस्कृतचे मास्तर. पदार्थविज्ञानाशीं आमचा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेपुरता. पोहण्याचें म्हणाल तर संगम माहुलीस, कृष्णा-वेण्णेच्या डोहांत, कमरेला सुका भोपळा बांधून शिकलों, आणि पाण्याखालीं राहण्याविषयीं आमचें ज्ञान म्हणजे जलस्तंभन करून द्वैपायन ह्रदांत लपलेला दुर्योधन. त्याचे कान दुखल्याचें व्यासांनीं कोठें लिहिलेलें नाहीं! तेव्हां प्रथम आम्हांसच अभ्यासास बसावें लागलें. आणि तो अभ्यास केल्यावांचून शाळेची पारख करणें अशक्य होतें, असें आज आमचें मत झालें आहे.

पहिल्याच धड्यांत आमचा एक गैरसमज दूर झाला. पाठीवरच्या नळकांड्यांत ऑक्सिजन असतो असें सर्व घर समजत होतें. तसें नाहीं. त्यांत आपण घेतों तीच साधी हवा दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन ६ मीटरांहून खोल श्वासावाटे घेतला तर तो विषासारखा बाधून आंचके येऊं शकतात. या हवेच्या यंत्राची करामत अशी कीं, माणूस जितका खोल असेल तितक्याच दाबाची हवा, तो श्वास ओढील तेव्हांच, त्याच्या तोंडांत यावी. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं, ऐन महायुद्धांत, हें साधलें. पुढें ज्या ज्या किनाऱ्यावरच्या माणसानें आम्हांस फोनवरून "काका, ऑक्सिजन लावूनच नेतों, काळजी नको" असें सांगितलें, त्याच्या नांवापुढें आम्हीं वहींत एक फुली केली. शब्दावरून कोणास नापास करूं नये हें खरें; पण व्याकरण कच्चें असलेल्या विद्यार्थ्याच्या निबंधाकडे मास्तर जरा जपूनच पाहतो.

दुसरा धडा दाबाचा. पाण्यांत दर १० मीटरांस एक वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, आणि रॉबर्ट बॉइलनें १६६२ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें हवेचें आकारमान निम्में. किनाऱ्यावर फुगविलेला फुगा तेथें अर्धा होतो. उलट तेथें फुगविलेला फुगा वर येईपर्यंत दुप्पट होऊं पाहतो आणि फुटतो. आतां फुग्याच्या जागीं माणसाचें फुप्फुस घ्या. खालची हवा छातीभर घेऊन, घाबरून श्वास रोखून जो वर उसळी मारतो, त्याचें फुप्फुस मीटर-दीड मीटरांतूनहि फाटूं शकतें. म्हणून या विद्येचा पहिला नियम हा कीं, श्वास कधींहि रोखूं नये. येथें आम्ही चमकलों. आम्हां नदीकांठच्या पोरांस 'दम धर' हेंच तर पहिलें शिक्षण! माहुलीच्या डोहांत तळाची वाळू मुठींत आणण्यासाठीं जो जितका दम धरी तो तितका शूर. तीच संवय समुद्रांत नळकांडें लावून गेल्यावर जिवावर बेतावी, हें आम्हांस नवीन होतें. आपलें मूल पट्टीचें पोहणारें आहे, त्यास काय शिकवावयाचें, असें म्हणणाऱ्या पालकांनीं याचा अवश्य विचार करावा.

कानाचेंहि तेंच. खालीं जातांना बाहेरचा दाब वाढतो आणि पडदा आंत ढकलला जातो. नाक चिमटींत धरून हळूच फुंकर मारली म्हणजे घशांतून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे हवा शिरून दाब सारखा होतो. हें कळ येण्यापूर्वीं, दर मीटरास करावें लागतें. सर्दीनें ती नळी चोंदलेली असली म्हणजे फुंकर व्यर्थ. आमच्या सुनेचें याच ठिकाणीं घात झाला होता. या विषयांत हॉल्डेन पितापुत्रांचें नांव वाचावयास मिळालें. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून पाणबुड्यांनीं टप्प्याटप्प्यांनीं कसें वर यावें याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आणि चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं दुसऱ्या महायुद्धांत दाबाच्या कोठडींत स्वतःस कोंडून घेऊन प्रयोग केले व त्यांत कानाचे पडदे फोडून घेतले. हेच पुढें १९५७ सालीं हिंदुस्थानांत आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. सुनेस हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "त्यांनीं निदान जाणूनबुजून फोडून घेतले, बाबा."

इतकी तयारी झाल्यावर आम्ही शाळांकडे वळलों. या विद्येची परीक्षा घेणाऱ्या जागतिक संस्था आहेत. १९५९ सालची सी.एम.ए.एस., जिचे पहिले अध्यक्ष हेच कुस्तो होते. १९६६ सालीं अमेरिकेंत निघालेली पॅडी, जिचा भाताशीं कांहीं संबंध नाहीं. १९७० सालची एस.एस.आय.; आणखीहि आहेत. त्यांच्यांत थोरली कोण, धाकटी कोण, या वादांत पालकांनीं शिरण्याचें कारण नाहीं. मात्र पाटीवर या संस्थांचें चिन्ह रंगविलेलें असणें निराळें, आणि पाण्यांत आपल्या मुलाचा हात धरणारा माणूस त्या संस्थेचा प्रमाणित शिक्षक असणें निराळें. प्रत्येक शिक्षकास क्रमांक असतो. तो मागून घ्यावा. संस्थेच्या संकेतस्थळावर तो चालू आहे कीं नाहीं हें घरबसल्या पडताळतां येतें. क्रमांक विचारल्याबरोबर ज्यास राग आला, त्याच्याशीं पुढें बोलण्याचें कारण उरत नाहीं.

किनाऱ्यावर विकत मिळतें तें दोन प्रकारचें असतें, आणि गिऱ्हाइकास बहुधा तें ठाऊक नसतें. एक, अर्ध्या दिवसाची चाखण्यापुरती बुडी. दुसरा, तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम. पॅडीच्या नियमांप्रमाणें पहिल्या प्रकारांत १२ मीटरांहून खोल न्यावयाचें नसतें, वय किमान १० वर्षें लागतें, आणि खुल्या समुद्रांत एका शिक्षकामागें चारांहून अधिक नवशिके असतां कामा नयेत. दुसऱ्या प्रकारांत पुस्तकी पाठ, तलावांतील सराव आणि समुद्रांतील चार बुड्या झाल्यावर १८ मीटरांपर्यंत जाण्याचा दाखला मिळतो. तेथें २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटें पाण्यावर तरंगून दाखवावें लागतें. मालवणाकडे चालतो तो बहुतेक पहिला प्रकार. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, थोड्या खोलींत, मार्गदर्शक मुलगा पाहुण्याचें नळकांडें मागून धरून त्यास फिरवून आणतो. 'पोहतां येत नसलें तरी चालेल' ही पाटी त्यामुळेंच लागते, आणि ती अगदीं खोटी आहे असेंहि नाहीं. परंतु ज्यास स्वतःला कांहींच येत नाहीं तो सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातांत असतो. मग तो हात कोणाचा, हा एकच प्रश्न उरतो. दर थोडा अधिक पडला तरी निदान एक सकाळ तलावांत शिकवून मगच समुद्रांत नेणारी शाळा घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेंहि तारकर्लीस या विद्येची संस्था काढून अभ्यासक्रम सुरू केले, ही समाधानाची गोष्ट होय.

तेथील कोळ्या-गाबितांच्या मुलांविषयीं मात्र कोणीं गैरसमज करून घेऊं नये. समुद्र त्यांस आपल्या अंगणासारखा. त्यांच्या पोहण्याविषयीं शंका घेण्याची आमची प्राज्ञा नाहीं. मासळी कमी झाल्यावर या धंद्यानें कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या आहेत. पण स्वतः उत्तम पोहणें आणि घाबरलेल्या दुसऱ्या माणसास सांभाळणें या दोन विद्या भिन्न आहेत. आमच्या शाळेंतील गणिताचे एक हुशार शिक्षक गणित तोंडीं सोडवीत. वर्गास मात्र कधीं कळलें नाहीं.

नोव्हेंबरांत आम्हीं सात ठिकाणीं फोन केले. मासला असा. "किती माणसें? कधीं येणार? फोटो-व्हिडिओ फुकट." पांच ठिकाणीं संभाषण येथेंच संपलें. सहाव्यानें मुलांचीं वयें विचारलीं. सातव्या ठिकाणीं एका तरुणानें, आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच, आमचीच उलटतपासणी आरंभिली. कोणास दमा आहे काय? फेफरें, छातीचें दुखणें, कानाची शस्त्रक्रिया? कोणी बाई गरोदर आहेत काय? ४५ वर्षांवरील किती? चालू औषधें कोणतीं? मग म्हणाला, "प्रश्नावली पाठवितों. एकाहि प्रश्नास होय असें उत्तर आलें तर डॉक्टरांची सही लागेल. आणि आजोबा, एक सांगूं का, खोटें नाहीं लिहूं नका. तुमचें 'होय' मला चालतें, खोटें 'नाहीं' चालत नाहीं." आम्हीं त्याच्या नांवाखालीं रेघ ओढली.

तरीहि डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पैसे द्यावयाचे नाहींत असें ठरवून आम्ही आणि पुतण्या डिसेंबरच्या आरंभीं एस.टी.नें मालवणास जाऊन आलों. पाहण्यासारख्या गोष्टी साध्या असतात. नळकांड्याच्या गळ्याशीं त्याच्या जलदाब परीक्षेची तारीख ठोकलेली असते. ती पांच वर्षांहून जुनी नसावी. दाबाचा कांटा चालतो काय, शिक्षकाच्या यंत्रास दुसऱ्यास देतां येईल अशी जादा तोंडाची नळी आहे काय, हें विचारावें. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचें नाक कोणत्या दिशेस आहे हें पाहावें; तेथेंच एखादें डिझेलचें इंजिन धूर सोडीत असेल तर तोच धूर मुलांच्या छातींत जावयाचा. आणि होडींत निव्वळ ऑक्सिजनची पेटी आहे काय? होय, येथें मात्र ऑक्सिजन हवा! तो बुडीसाठीं नव्हे, अपघात झालाच तर प्रथमोपचारासाठीं. आमच्या तरुणानें ती पेटी उघडून, तोटी फिरवून, आवाज ऐकविला. दुसऱ्या एका ठिकाणीं ती 'मालकांच्या घरीं' असल्याचें कळलें.

होडीविषयीं सांगलीकरांस अधिक सांगावें असें नाहीं. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं महापुरांत पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें माणसांनीं भरलेली बोट उलटून दहांहून अधिक जीव गेले. त्या दिवसाची आठवण आमच्या बंधूंच्या घरांत अजून हलक्या आवाजांत निघते. तो प्रसंग नाइलाजाचा होता. घरांत पाणी शिरलेलीं माणसें बोटींत जागा मोजीत बसत नाहींत. पण मौजेसाठीं जाणाऱ्यांसहि तोच धोका असतो. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ बुडीहून परत येणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघे मृत्यु पावले. म्हणजे समुद्राच्या तळाशीं जाऊन सुखरूप वर आलेलीं माणसें किनारा डोळ्यांसमोर असतांना गेलीं. तेव्हां होडींत किती माणसें घेण्याची परवानगी आहे, आणि प्रत्येकाच्या अंगावर, गठ्ठ्यांत बांधलेलें नव्हे, लाइफ जॅकेट आहे काय, हें होडींत पाय ठेवण्यापूर्वीं पाहावें. पावसाच्या तोंडावर, मेच्या अखेरीस, 'समुद्र अजून शांत आहे' असें सांगणाऱ्याच्या नादीं लागूं नये.

समुद्राविषयींहि आपलें कांहीं देणें लागतें. मालवणचा किनारा १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. तेथील प्रवाळ हे दगड दिसले तरी जिवंत प्राण्यांची वसाहत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें त्यांस संरक्षण असून ते तोडणें वा घरीं आणणें गुन्हा आहे. एका लाथेनें मोडणारी फांदी पुन्हां वाढण्यास वर्षें लागतात. फोटोंत मासे गर्दीनें यावे म्हणून पाण्यांत बिस्किटांचा चुरा टाकण्याची जी चाल पडली आहे, ती तर देवळापुढच्या माकडांस फुटाणे टाकण्यासारखीच. माशांची खोड बिघडते. पुतण्यानें एकास विचारलें, "खाऊं घालतां काय?" उत्तर आलें, "हो हो, भरपूर मासे येतील, गॅरंटी!" बिचाऱ्यास वाटलें, गिऱ्हाइकास तेंच हवें आहे, आणि बहुधा असतेंहि. ज्यांचीं मुलें अंदमान, मालदीव किंवा थायलंडकडे निघतात, त्यांच्यासाठीं एक सोय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकारानें २००४ सालीं 'ग्रीन फिन्स' नांवाचा उपक्रम निघाला. त्यांत सामील झालेल्या शाळांची समुद्राच्या दृष्टीनें तपासणी होते. मालदीव व थायलंड येथें तो चालतो. शाळा निवडतांना त्यांच्या यादीवर एक नजर टाकावी.

आतां प्रत्यक्ष प्रवासाची हकीकत. २६ डिसेंबरला दोन गाड्यांतून अकरा माणसें निघालों. गाडींतल्या थंड हवेनें म्हणा किंवा कणकवलीस प्यालेल्या गार कोकमानें म्हणा, नातवाचें नाक वाहूं लागलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तलावावर त्या तरुणानें प्रत्येकाचा कागद स्वतः वाचला. आमच्या बंधूंनीं सर्व चौकटींत ठळक 'नाहीं' लिहिलें होतें. "काका, रोज गोळी कोणती घेतां?" "छे, गोळी कसली!" इतक्यांत धाकट्या वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, आणि मग तें रक्त पातळ होण्याचें औषध? दोन वर्षांपूर्वीं स्टेंट घातला तो काय शेजाऱ्यांना?" बंधूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तरुणानें कागद शांतपणें घडी करून परत दिला. हृदयरोगतज्ज्ञांचें पत्र आल्याशिवाय पाण्याखालीं नाहीं. होडींत बसून मात्र यावें. बंधूंनीं पैसे वाढवून देऊं केले. त्यानें ऐकलें न ऐकलेंसें केलें.

नातवाचा प्रसंग अधिक कठीण. त्यास उथळ पाण्यांत कान मोकळे करावयास सांगितलें. दोन वेळां फुंकर मारून झाली, पण उजवा कान उघडेना. "आज नाहीं, उद्यां पाहूं," असें म्हणतांच मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. त्याचे वडील म्हणाले, "सर्दीची गोळी दिली तर?" तरुण म्हणाला, "गोळीचा अंमल पाण्यांत उतरला तर वर येतांना कान अडकतो. मग मला त्याला वर आणतां येत नाहीं आणि खालीं ठेवतांहि येत नाहीं." दुसऱ्या दिवशींहि कान उघडला नाहीं. दोघांचे पैसे त्यानें न मागतां परत केले. आमची सून इतका वेळ कोपऱ्यांत उभी राहून सर्व ऐकत होती. ती पुढें झाली आणि तिनें त्या तरुणास एवढेंच विचारलें, "तुम्ही प्रत्येकाला सर्दी विचारतां?" तो म्हणाला, "रोज सकाळीं. स्वतःला पण."

नात मात्र गेली. दोन दिवस तलावांत सराव करून तिसऱ्या दिवशीं सकाळीं होडी निघाली. होडींत आठ प्रवासी, शिक्षक दोन, सर्वांच्या अंगांत जॅकेटें. बंधूंस बोट लागली, त्यामुळें त्यांची कुरकुर आपोआप थांबली. नात ६ मीटरांवर पस्तीस मिनिटें होती, असें तिच्या मनगटावरच्या यंत्रानें दाखविलें. आम्ही होडीच्या कडेस बसून वर येणारे बुडबुडे मोजीत होतों. आमच्या शिक्षकी आयुष्यांत निकालाची इतकी वाट आम्हीं कधीं पाहिली नव्हती. वर आल्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, दगडांत तोंड खुपसून बसलेला एक मोठा गोब्रा, असें कायकाय सांगत होती, पण सर्वांत आधीं म्हणाली, "आजोबा, खालीं आपला श्वास ऐकूं येतो."

किनाऱ्यास लागल्यावर तरुणानें शेवटचा प्रश्न विचारला, आणि आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. "परत कधीं जाणार? कोणत्या रस्त्यानें?" आम्ही जेवून दोन वाजतां निघणार होतों. तो म्हणाला, "उद्यां सकाळीं निघा." कारण असें. दाबाखालीं श्वासांतला नायट्रोजन रक्तांत व चरबींत विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडावा लागतो. दाब एकदम उतरला तर सोडावॉटरच्या बाटलीप्रमाणें त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये असा संकेत आहे; आणि सुमारें ६०० मीटरांहून उंच घाट चढणें हेंहि त्याच जातीचें धरतात. सातारा शहरच समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांहून उंच! सांगलीकरांची गोष्ट थोडी निराळी, पण वाटेंत घाट त्यांसहि आहेतच. आणि तेथून कोणी परस्पर महाबळेश्वरास जाऊं म्हणेल तर तें १३०० मीटरांहून वर. "इतक्या उथळ एका बुडीनें कांहीं होईल असें नाहीं," तो म्हणाला, "पण एका रात्रीसाठीं घाई कशाला?" किनाऱ्यावरच्या माणसास बुडीनंतर पाहुण्यांशीं कर्तव्य उरत नाहीं, अशी आमची समजूत होती. येथें एकजण आमच्या घाटाची चौकशी करीत होता. आणखी एक रात्र राहिलों. खोल्यांचें भाडें वाढलें म्हणून बंधु पुन्हां कुरकुरले.

त्या शाळेचें नांव आम्ही देत नाहीं, आणि पत्रानेंहि कोणीं विचारूं नये. शिक्षक बदलतात, मालक बदलतात. आज दिलेलें प्रशस्तिपत्र पुढल्या वर्षीं फसवें ठरूं शकतें. परीक्षा प्रत्येकानें आपापली घ्यावी.

घरीं आल्यावर वहिनींनीं निकाल विचारला. आम्हीं सर्व सांगितलें. त्यांनीं दोनच गोष्टी पुन्हां विचारल्या: पोराला खरोखरच परत पाठविलें का, आणि पैसे खरोखरच परत दिले का. मग उठून त्यांनीं नातवाच्या छातीला निलगिरीचें तेल चोळलें. सर्दीचे दिवस सरल्यावर, मार्चमध्यें, त्यास घेऊन जाण्याचें ठरलें आहे, आणि या खेपेस आमची सूनहि येतों म्हणते. तिचा कान तत्पूर्वीं तज्ज्ञांस दाखवावयाचा आहे. बंधूंनींहि हृदयरोगतज्ज्ञांचें पत्र आणण्याचें कबूल केलें आहे. पत्र अद्याप आलेलें नाहीं.